दगड उचलण्याआधी

मंडळी, नमस्कार.

इथं बसलेले निम्मे लोक डॉक्टर आहेत. नर्सबाई आहेत. बाईंच्या हाताखाली शिकलेली पोरं-पोरी आहेत. धरमपेठेतल्या या शाळेच्या हॉलमध्ये मी आज पहिल्यांदा पाय ठेवला, आणि तो असा. मला माइकसमोर बोलायची सवय नाही. माझं नाव श्रावण भोयर. कुही तालुक्यातला शेतकरी आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलो. मघाशी ज्यांनी माझं नाव पुकारलं ते म्हणाले, "भाऊ, बाईंची एखादी आठवण सांगा." एखादी? मी चालतो आहे, श्वास घेतो आहे, हीच आठवण आहे. ती कशी सांगू?

अजून मला खरं वाटत नाही. खरंच सांगतो. रविवारी बाई माझ्या घरी जेवल्या. हा रविवार, जुना नाही. डॉक्टर कुसुम रंगारी, माझ्या ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. भरलं वांगं दोनदा मागून घेतलं. माझ्या आईला म्हणाल्या, "तुमच्या हातचं जेवले की मले डब्याचं जेवण गोड लागत नाही." हसत होत्या. संध्याकाळच्या यष्टीत खिडकीशी जागा मिळाली म्हणून हात हलवून दाखवला.

मंगळवारी सकाळी मी खळ्यावर होतो. धानाची मळणी चालली होती. कुहीच्या दवाखान्यातला शिपाई सायकलवरून आला. उतरला नाही. एक पाय टेकून उभा राहिला. म्हणाला, "श्रावण, बाई गेल्या."

मी म्हटलं, "कुठं गेल्या? नागपूरले बदली तं मागंच झाली ना गा."

सरकारी माणूस 'गेला' म्हणजे बदली, एवढंच माझ्या डोक्यात. तो म्हणाला, "नाही गा श्रावण. गेल्या."

मी पुन्हा विचारलं, "कुठं?"

मंडळी, मी तिसऱ्यांदाही विचारलं असेल. त्यानं मग सायकल तशीच पाडली आणि माझा हात धरला. पेशंट तपासता तपासता म्हणे डोकं दुखलं. खुर्चीवर बसल्या. समोरच्या पेशंटला म्हणाल्या, थांब जराशी. मग उठल्याच नाहीत. मेंदूतली शीर फुटली म्हणतात. इतके डॉक्टर आजूबाजूला, आणि कुणाला काही करता आलं नाही. असं कसं होतं? तुम्ही शिकलेले आहात. मला सांगा, असं कसं होतं?

असो. नाही, असो नाही. पण मला जे सांगायचं आहे ते सांगतो, नाहीतर राहून जाईल.

तेव्हा बाई कुहीला नवीन आल्या होत्या. लहान चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज मात्र बाजाराच्या दिवशी चौकापलीकडे ऐकू जाईल असा. आमच्याकडे बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर, एवढीच समजूत. गडीमाणसं त्यांच्याकडे जायला लाजत. मीही कधी गेलो नव्हतो.

होळी होऊन गेली होती. आमच्या वावरात विहीर खोदायचं काम चाललं होतं. मी, आणि माझा चुलतभाऊ नामदेव. नामदेव माझ्याच वयाचा. आम्ही एकत्र पोहायला शिकलो, एकत्र शाळा सोडली. वर दोर धरायला माझा थोरला भाऊ दौलत आणि गावातली चार माणसं. माती संपून मुरूम लागला होता. मुरमात खाली मोठमोठे धोंडे निघत होते. सकाळी न्याहारी करून आम्ही दोघं खाली उतरलो, आणि थोड्याच वेळात एका बाजूची कड ढासळली.

आवाज फार मोठा झाला नाही. लोकांना वाटतं, मोठा आवाज होत असेल. नाही. पोतं टाकल्यासारखा झाला. मी डोळे उघडले तर छातीपर्यंत माती, आणि कमरेखाली एक धोंडा. असा आडवा. डाव्या पायावर मांडीपासून, उजव्यावर गुडघ्याखाली. नामदेव माझ्यापासून हातभर अंतरावर, दोन्ही पाय दगडमातीत रुतलेले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, "जित्ता आहेस का गा?" मी म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "मंग ठीक आहे."

वरून माणसं उतरली. घमेल्यानं माती काढू लागली. कड अजून सुटत होती, म्हणून एका वेळी दोनच माणसं खाली. सकाळ सरली. ऊन डोक्यावर आलं. नामदेवच्या पायांवरचे दगड लहान होते, हातानं निघत होते. शेवटी त्याला मोकळा केला आणि दोरानं वर ओढला. वर जाता जाता तो ओरडला, "श्रावणले काढा आता! मी ठीक आहे!"

आणि खरंच ठीक होता. हे मला दौलतनं नंतर सांगितलं. काठावर पळसाखाली बसला. तांब्याभर पाणी प्याला. म्हणाला, पाय जड वाटते, मुंग्या येऊन राहिल्या. बिडी मागितली. कुणीतरी पेटवून दिली. दोन झुरके मारले. कुणीतरी थट्टा केली, तो हसला. आणि हसता हसता छातीवर हात ठेवून आडवा झाला.

संपलं.

मंडळी, ज्या माणसाला दगडाखालून जिवंत काढला, तो माणूस सावलीत बसून मेला. पाण्याचा तांब्या शेजारी. कपाळावर जखम नाही, रक्त नाही. माझा दौलतदादा सांगायचा, आम्ही त्याला हलवत होतो, बुक्क्या मारत होतो, ऊठ म्हणत होतो. कुणाला कळेचना काय झालं.

मला खाली यातलं काही माहीत नव्हतं. मी खाली चेनपुलीची वाट पाहत होतो. शेजारच्या गावातून चेनपुली आणली, विहिरीच्या तोंडावर तीन लाकडांची तिवई उभी केली, साखळी खाली सोडली, धोंड्याला गुंडाळली. आता ओढायचं तेवढं बाकी. आणि तेवढ्यात, सकाळी कुहीला निरोप धाडला होता, ती दवाखान्याची जीप आली.

पुढचं वरचं बोलणं मला खाली अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नंतर कळलं. बाई आधी नामदेवजवळ गेल्या. नाडी पाहिली. डोळे पाहिले. विचारलं, "हा कधीपासून दबला होता? काढल्यावर बोलला का? काय म्हणाला?" मग उठल्या आणि धावत काठाशी आल्या. त्या काय ओरडल्या ते मला खाली स्पष्ट ऐकू आलं.

"दगड उचलू नका!"

मंडळी, तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला कळेल. तिथं कुणाला कळावं? एक पोरगा डोळ्यांसमोर मेलेला. दुसरा खाली धोंड्याखाली. साखळी बांधून तयार. आणि ही कालची आलेली बाई म्हणते उचलू नका! माझा भाऊ शांत स्वभावाचा माणूस. त्यानं हातातली सब्बल, ती लोखंडी पहार, आपटली.

"माणूस मरून राहिला खाली, अन् तुम्ही म्हणता उचलू नका? काहून?"

बाई म्हणाल्या, "नामदेवले तुम्ही काढलं ना? तो बसला, बोलला, पाणी प्याला. मंग तो काहून मेला, सांगा मले."

दादानं पळसाकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "दगड दाबून असते तोवर चेंगरलेल्या मांसातलं विष तिथंच अडते. दगड उचलला का ते एकदम रक्तात सुटते. काळीज बंद पडते. काळीज वाचलं तं मूत्रपिंडं बंद पडतात. तुम्ही धानवाले ना? वरच्या बांधीत गढूळ पाणी साचलं अन् बांध फोडला, तं खालच्या बांधीचं काय होते? मले खालची बांधी आधी चांगल्या पाण्यानं भरून घेऊ द्या. मंग फोडा बांध."

दौलतदादा म्हणाला, "किती वेळ?"

बाई म्हणाल्या, "भांडण्यात गेला तेवढाच."

दादानं सब्बल खाली ठेवली.

आता बाटलीचं सांगतो. त्यासाठीच मी उभा आहे. आपण खेड्यातली माणसं हातात सुई टोचून जे काही चढवतात त्याला सलाईनच म्हणतो. ताप आला, सलाईन लावा. अशक्तपणा आला, सलाईन लावा. मीही तसंच म्हणत होतो. बाटली म्हणजे बाटली. त्या दिवशी बाईंनी जीपमधला खोका उघडायला लावला. काचेच्या बाटल्या. कंपाउंडरनं पहिली काढली ती ग्लुकोजची. खोक्यात तीच जास्त, कारण लोक तीच मागतात. गावातले म्हातारे म्हणाले, "हो हो, ग्लुकोज लावा, ताकद येईल पोराले."

बाई म्हणाल्या, "नको. साखरेचं पाणी शिरेत टिकत नाही, अंगभर पांगून जाते. याची मूत्रपिंडं धुवायची आहेत. मिठाचं पाणी पाहिजे. सलाईन. खरं सलाईन."

कंपाउंडरनं दुसरी काढली. बाईंनी लेबल वाचलं आणि ती बाजूला ठेवली. म्हणाल्या, "ही पण नाही. एरवी चांगली आहे. उलट्या-जुलाबात मी हीच लावते. पण हिच्यात पोटॅशियम असते. याच्या चेंगरलेल्या पायातून तेच सुटणार आहे, त्यानंच नामदेव गेला. आगीत तेल नको." मग तळातून साध्या मिठाच्या पाण्याच्या बाटल्या निघाल्या. थोड्याच होत्या. जीप लगेच आणखी आणायला उमरेडकडे पिटाळली.

आणि मग प्रश्न आला, खाली कोण उतरणार? कंपाउंडरला दम्याचा त्रास. बाई म्हणाल्या, "मी."

एका खाटेच्या चार कोपऱ्यांना दोर बांधले. बाईंनी पदर कमरेला खोचला, बाटल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि खाटेवर बसल्या. आमच्या गावातले एक वयस्क गृहस्थ पुढं आले. आता हयात नाहीत. ते म्हणाले, "बाईमाणसानं विहिरीत उतरू नये, डॉक्टरीणबाई. आमच्यात चालत नाही." त्यांच्या मनात नुसतं बाईमाणूस नव्हतं. तुम्हाला कळलं. तिथं सगळ्यांना कळलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, माझ्या आजीले तुमच्या विहिरीच्या काठावर पाय ठेवू देत नव्हते. मी तं डायरेक्ट तळाशी चालली."

त्या म्हाताऱ्यानं खाली पाहिलं. मग काठी टाकली, आणि पुढं येऊन खाटेचा एक दोर स्वतः धरला.

बाई खाली आल्या. मी पाहिलं, ऊन त्यांच्या मागे होतं, चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं, एवढीशी बाई, ही काय धोंडा उचलणार!

"नाव काय?"

"श्रावण."

"श्रावणभाऊ, पाय दुखतात का?"

"काही दुखत नाही. मले काढा फक्त."

"काढते. आधी हात द्या इकडं."

मी शिव्या दिल्या, मंडळी. ऐकण्यासारख्या नव्हत्या. नामदेवला काढलं, मला काहून नाही काढत, म्हणून ओरडलो. बाई माझ्या हातावर शीर शोधत म्हणाल्या, "द्या, द्या शिव्या. पण हात हलवू नका." सुई गेली. सब्बल मुरमात ठोकून तिला बाटली टांगली. मग सोड्याचं एक इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, यानं विष मूत्रपिंडात कमी गोठते. वरून बारीक मुरूम गळत होता. एक ढेकूळ त्यांच्या खांद्यावर पडलं. वरून ओरडले, "बाई, कड सुटून राहिली, वर या!" बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या बाटलीकडे पाहत होत्या.

मी विचारलं, "बाई, भेव नाही लागत तुमाले?"

"लागते ना. म्हणून तं वर पाहत नाही."

मी विचारलं, "नामदेव कसा आहे?"

बाईंनी बाटलीकडे पाहिलं. म्हणाल्या, "वर आहे."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मला वाटलं, तो वर बसून मला चिडवणार.

बाटली संपत आली तशी दुसरी लावली. मग बाईंनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि वर तोंड करून म्हणाल्या, "आता उचला. हळू. मी थांब म्हटलं का थांबा." साखळी कडकडली. धोंडा हलला. तोवर काहीच दुखत नव्हतं, आणि धोंडा हलताच दोन्ही पायांत निखारे भरल्यासारखं झालं. मी बोंबललो. बाई माझ्या कानाशी म्हणत होत्या, "बोलत राहा. शिव्या द्या. गप्प बसू नका." मी देत राहिलो. त्या ऐकत राहिल्या.

वर आलो तर पळसाखाली धोतर पांघरून कुणीतरी निजलेलं. पायांवरून ओळखलं. मी म्हटलं, "झोपला का हा?" दादानं तोंड फिरवलं. मग मला कळलं 'वर आहे' म्हणजे काय.

मंडळी, एकच कड. एकच मुरूम. हातभर अंतर. तो हलका सापडला होता, मी जास्त. तो गेला, मी राहिलो. फरक काय? मला दगड उचलण्याआधी बाटली लागली, आणि पाहिजे तीच लागली. बाई नंतर म्हणायच्या, "तुमच्या लोकांनी नामदेवले मायेनंच काढला श्रावणभाऊ. त्यांचा काही गुन्हा नाही. त्यांले कोणी सांगितलंच नव्हतं." दौलतदादाला तर त्या मुद्दाम घरी येऊन हे सांगून गेल्या. दादा त्या दिवसापर्यंत धड जेवत नव्हता.

नागपूरला मोठ्या दवाखान्यात मला बाईंनीच आणलं. जीपमध्ये बाटली हातात धरून बसल्या होत्या. पुढची कहाणी लघवीची आहे. हसू नका. हसा, बाईंना चाललं असतं. माझी लघवी काळ्या चहासारखी होती. चेंगरलेलं मांस गळून त्यात येत होतं. आधी खूप मिठाचं पाणी चढवलं, म्हणजे मूत्रपिंडं धुतली जावीत. मग लघवी कमी झाली. मग थेंब थेंब. आणि तेव्हा डॉक्टरांनी पाणी एकदम तोडलं. माझी बायको घाबरली. म्हणाली, ज्यानं जगवलं तेच काहून बंद केलं? कुहीहून बाई आल्या होत्या. त्यांनी तिला बाजूला बसवलं. म्हणाल्या, "गाळणी तुंबली का वरून ओतायचं नसते, बाई. छातीत चढते पाणी. आता जेवढं बाहेर येईल तेवढंच आत. वाट पाहायची." त्यांनी तिचा हात सोडला नाही. त्यांनाही माहीत नव्हतं, गाळणी उघडेल की नाही.

त्यात माझी आई. सगळा गाव भेटायला येताना संत्री आणतो. नागपुरात आजाऱ्याला दुसरं काय नेतात? कोणी नारळ आणले. माझ्या खाटेखाली दुकान लागलं. आईनं एक संत्रं सोललं, बिया काढल्या, फोड माझ्या ओठांशी आणली. आणि बाईंनी ती फोड तिच्या हातातून काढून घेतली.

आई भडकली. "काहून वं बाई? पोराच्या तोंडचा घास काढतं?"

बाई म्हणाल्या, "आजी, संत्र्यात अन् नारळपाण्यात तोच क्षार आहे जो याच्या रक्तात वाढून राहिला. गाळणी बंद आहे, बाहेर जायले रस्ता नाही. हे संत्रं याले विष आहे."

"संत्रं विष? नागपुरात बसून संत्र्याले विष म्हणतं?"

बाईंनी ती फोड स्वतः खाल्ली. मग पूर्ण संत्रं खाल्लं. मग म्हणाल्या, "गोड आहे. बाकीची वॉर्डात वाटून टाका." आई कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती, डॉक्टरीण माझ्या पोराची संत्री खाते म्हणून.

आणि मग एका सकाळी लघवीच्या पिशवीत पाणी दिसलं. आधी थोडं, दुपारपर्यंत भरपूर. रंग उतरत गेला. वॉर्डातल्या नर्सबाईंनी पिशवी उंच धरून दाखवली. माझी आई वॉर्डभर सांगत फिरली, "माझ्या पोराले लघवी झाली!" म्हणाली, हा जन्मला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. डावा पाय धड राहिला नाही, काठी लागते. पण त्या दोन गाळण्या चालू आहेत. आजपर्यंत चालू आहेत.

नंतर बाईंनी काय केलं, ते इथल्या पुष्कळ जणांना ठाऊक नसेल. बाजाराच्या दिवशी त्या विहीर खोदणाऱ्यांना गाठायच्या. भजी खाता खाता सांगायच्या, "माणूस दबला, तं धावत डॉक्टर आणा. बराच वेळ दबला असल तं सुई लागेपर्यंत उचलू नका. अन् ग्लुकोज मागू नका माझ्याकडं." अशक्तपणाला ग्लुकोजची बाटली मागायला कुणी आलं की खेकसायच्या, "घरी जा अन् चहात साखर टाकून पी!" लोक रागवायचे. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे. बाईंना त्याची पर्वा नव्हती. तापट होत्या. माझ्यावरही कितीदा ओरडल्या. नामदेवच्या बायकोला, शेवंताला, त्यांनी पाठीशी लागून दाई म्हणून तयार केलं. शेवंता आज त्या तिकडे, दाराजवळ बसली आहे. ती बोलणार नाही. तिला मी विचारलं होतं. म्हणाली, "भाऊजी, मी काय बोलू, मले तं दुसऱ्यांदा तेच झालं." हसता बोलता माणूस बसला, आणि उठला नाही. तिच्या वाट्याला हे दोनदा आलं. याला काय म्हणायचं?

मला एवढंच कळत नाही. ज्या बाईनं मला सांगितलं की मरणाला कारण असतं, कारण कळलं तर मरण थांबवता येतं, त्या बाईचं मरण कुणाला थांबवता का आलं नाही? त्यांच्यासाठी कोणती बाटली होती? नव्हती का? डॉक्टर मंडळी, मी तुम्हाला दोष देत नाही. मी विचारतो आहे, कारण त्या असत्या तर त्यांनाच विचारलं असतं. त्यांनी बांधीचा, गाळणीचा, कशाचा तरी दाखला देऊन मला समजावलं असतं. आता मला कोण समजावणार?

समोर बाईंचे वडील बसले आहेत. बाबा, तुम्ही कापडगिरणीत उभं राहून लेकीला डॉक्टर केली. बाई सांगायच्या. तुम्ही मघापासून एकदाही डोळे पुसले नाहीत. आम्हीच सगळे रडतो आहोत.

एक शेवटचं सांगतो आणि बसतो. माझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला कमी ऐकू येतं. मंगळवारपासून घरात सगळे रडतात, ती विचारते, काय झालं? आम्ही म्हणतो, कुठं काय. आज सकाळी मी निघालो तर म्हणाली, "नागपूरले चाल्ला ना गा?" मी मान हलवली. तर आत गेली आणि ही पिशवी आणली. नव्या चिन्नोरचे तांदूळ. रविवारी गिरणीतून आले नव्हते म्हणून द्यायचे राहिले होते. म्हणाली, "बाईले देजो. म्हणाव, पाणी कमी टाकजो, नवा तांदूळ चिकट होते."

मी पिशवी घेतली. यष्टीत मांडीवर ठेवून आणली. वाटेत कुणीतरी विचारलं, कोणाकडे नेऊन राहिला गा? मी म्हटलं, बाईंकडे.

बाबा, ही पिशवी मी तुमच्याकडे देणार आहे. पण संध्याकाळी घरी गेल्यावर आई विचारणार आहे, "बाई काय म्हणाल्या?"

मंडळी, कृपा करून सगळे उभे राहा. मीही उभा आहे. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. तेवढ्यात कदाचित मला सुचेल, तिला काय सांगायचं.